पिल्लाची शाळा बुडवू नका

"महिन्याचं असतानाच आणलं की पिल्लाला लळा लागतो," असं चांगली शिकलीसवरलेली माणसं सांगतात. मला हे मुळीच पटत नाही. अहो, किती चावायचं आणि कुठे थांबायचं, हे पिल्लू आई-भावंडांशी दंगामस्ती करतानाच शिकतं. जोरात चावलं की भावंडं केकाटतात, खेळ मोडतो. ती शाळा आपण बुडवायची, वर गाईच्या दुधाने पोट बिघडवायचं आणि पुढे चावतं म्हणून वर्तमानपत्राच्या गुंडाळीने त्यालाच बडवायचं! हा कुठला न्याय? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. पण नुसता विकणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? घेणारे आपणच ना! आणखी चार आठवडे थांबा. लळा काय, तेव्हाही लागतोच.