परक्या मुलांना हटकावे कोणी?

खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. साहजिकच जळगाव-धुळ्याच्या उद्यानांत मुले एकदम लोटतात ती दिवस कलल्यावर. घसरगुंडीपाशी रांग लागते आणि एखादा दांडगा पोऱ्या धाकट्यांना ढकलून वर चढतो. त्याचे पालक दूर बाकावर गप्पांत दंग असतात. परक्याने हटकले की मात्र ते धावून येतात, "आमच्या मुलाला बोलणारे तुम्ही कोण?"

गल्लीत वाढलेल्या पिढीला हा प्रश्न विचित्रच वाटेल. तेथे कोणाही काकांनी कान पिळावा आणि घरी तक्रार नेल्यास दुसराही कान लाल व्हावा, अशी रीत होती. ती पुन्हा आणू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकालाही हात उगारण्याची मनाई केली. मग वाटसरूला तो अधिकार कोठून असणार? परंतु हात आवरणे म्हणजे तोंड मिटणे नव्हे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींकडे सारी परक्यांचीच मुले होती. त्यांचा पसारा गुरुजी स्वतः आवरीत आणि पोरे ओशाळत. ते सामर्थ्य प्रत्येकाच्या अंगी नसते, हे मान्य. पण "बाळा, रांगेने चढ" एवढे कोणालाही म्हणता येते. न ऐकल्यास धाकट्याला आधी बाजूला घ्यावे, मग पालकांना गाठावे. तेही चारचौघांत नव्हे. पालकांनीही त्यात आपला पाणउतारा मानू नये. घसरगुंडीच्या माथ्यावरून पोर कोसळते, तेव्हा बाकावरचे आईबाप वेळेवर पोहोचत नाहीत. जवळ उभा असतो तो परकाच.