छतावरचा तंबू आणि गनिमी कावा : एका खोट्या वारशाविरुद्ध

१/ कुंभार्ली घाटाच्या वळणावर एक चारचाकी उभी असते. छतावर घडीचा तंबू, मागे इंधनाचे डबे, पुढे पोलादी बंपर आणि विंच. खाली ओळ असते : 'मराठ्यांच्या चपळाईचे आम्ही वारसदार.' घाटाच्या पायथ्याच्या पोफळीत वाढलेली इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून या ओळीला माझा आक्षेप आहे. तोच या धाग्याचा विषय.

२/ प्रथमच स्पष्ट करते : गाडीला, भटकंतीला वा मुक्कामाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो खोट्या वंशावळीला. इतिहास चुकीचा सांगितला की गाडीची सिद्धताही चुकते, आणि त्या चुकीची किंमत बहुधा गाडीवाला मोजत नाही. ज्याच्या रानात तो उतरतो, तो मोजतो.

३/ आरंभ गाडीपासूनच करू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी घडलेली जीप ही सरकारी वर्गवारीत 'पाव टन' वाहन होती. म्हणजे अदमासे २२७ किलो भार. तिचे सामर्थ्य हलकेपणात होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीने (१९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र) हीच जीप मुंबईत जुळवून भारतात रुजवली.

४/ आता आजच्या 'सज्ज' गाडीचा हिशेब मांडा. चार माणसे २८० किलो. छतावरचा तंबू सुमारे ६०. पाण्याचे वीस-वीस लिटरचे दोन डबे ४०. डिझेलचे तसेच दोन ३४. विंच व पोलादी बंपर ९०. जादा बॅटरी आणि शीतपेटी ५०. बेरीज साडेपाचशेच्या घरात. स्वयंपाकाचे साहित्य, अंथरूण-पांघरूण अजून बाहेरच आहे.

५/ निर्मात्याच्या पुस्तिकेत भारासह कमाल वजन दिलेले असते. त्यातून मोकळ्या गाडीचे वजन वजा करा. उरेल तेवढाच तुमचा अधिकार. छताची मर्यादा वेगळी आणि फार कमी असते. ही वजाबाकी न करता खरेदीला निघणे म्हणजे रसदीचा अंदाज न घेता मोहिमेवर निघणे होय.

६/ भार किती याइतकेच तो कोठे आहे हे महत्त्वाचे. घाटवाटांनी शतकानुशतके धान्य आणि मीठ वाहणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांत बैलाच्या दोन्ही अंगांना समतोल गोणी असत. एक बाजू जड झाली की बैल वाटेवरच अडखळे. आपण मात्र साठ किलो डोक्यावर घेऊन नागमोडी उतारावर ब्रेक तापवतो आणि त्याला साहस म्हणतो.

७/ मग इतिहासात असा लवाजमा कोणाचा होता? १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेली करेरी कृष्णाकाठी गलगली येथे औरंगजेबाच्या छावणीत गेला. तिचा घेर त्याने तीस मैलांचा सांगितला आहे. बाजार, तंबू, जनावरे यांसह ते चालते शहरच होते. स्वतःचे सारे विश्व बरोबर नेण्याची ती पद्धत. छतावरच्या तंबूचा खरा पूर्वज शोधायचाच असेल, तर तो तेथे शोधावा.

८/ याउलट १७२८ चे पालखेड. निजामाचा भर अवजड तोफखान्यावर. पहिल्या बाजीरावाचा घोडदळाच्या वेगावर. पाठलागात निजामाची फौज पाण्यावाचून कोंडली गेली आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. कोणती वस्तू मागे ठेवायची, हा त्या मोहिमेतील पहिला निर्णय होता.

९/ हा गुण रक्तातून येत नाही, याचाही पुरावा आपल्याच इतिहासात आहे. पानिपतावर लढणाऱ्यांबरोबर कुटुंबे, यात्रेकरू आणि बुणगे यांचा मोठा समुदाय होता. रसद तुटली, उपासमार झाली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी अर्धपोटी फौजेला मैदानात उतरावे लागले. पराभवाची कारणे अनेक. हे त्यांतील एक. हलकेपणा ही शिस्त आहे, ती प्रत्येक वेळी नव्याने पाळावी लागते.

१०/ येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : 'आम्ही सर्व बरोबर नेतो ते कोणावर भार पडू नये म्हणून. मराठी घोडदळ हलके होते, कारण चारा-दाणा ते मुलखातून घेत असे.' खरे आहे. त्या चपळाईची किंमत अनेक प्रांतांतील रयतेने मोजली. ते लपवून वारसा सांगणे हाही खोटेपणाच.

११/ म्हणूनच एक पत्र वाचायला हवे, आणि ते आपल्याच चिपळूण परिसराचे आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांचे घोडदळ पावसाळ्यासाठी हलवर्ण येथे मुक्कामाला होते. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना हे पत्र लिहिलेले आहे. माझ्या मते मुक्कामाच्या शिस्तीवर मराठीत याहून नेमके काही नाही.

१२/ त्याचा आशय असा : दाणा-वैरण पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरा. आधी उधळलीत, तर ऐन पावसात घोडी मरतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल. मग रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. काही हवे असेल, तर बाजारातून विकत आणा. चुली आणि चिलमीची आग सांभाळा. जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत इशारा आहे.

१३/ उंदराच्या वातीला अतिशयोक्ती समजू नका. दोन वर्षांपूर्वी फाल्गुनात काही गाडीवाले न विचारता आमच्या काजूच्या बागेत उतरले. शेकोटी अर्धवट विझवून पहाटे निघून गेले. वारा सुटल्यावर आग उडवीपासून दहा हातांवर आली. माझ्या आजीने ओली पोती मारून ती विझवली. गाडीत शीतपेटी होती. आग विझवायला पाण्याचा एक डबा मात्र कोणी काढला नव्हता.

१४/ तेव्हा पत्राप्रमाणे गाडी सजवू. अग्निशामक नळकांडे आणि फावडे. टायरचा दाब मोजण्याचे यंत्र आणि हवा भरण्याचा पंप. वजनाला योग्य असा ओढदोर. प्रथमोपचार पेटी. पाण्याचा एक डबा. जमिनीवर लावायचा हलका तंबू. कचरा परत नेण्याची पिशवी. आणि तांदूळ, भाजी, सरपण गावातून विकत घेण्यापुरते पैसे.

१५/ लडाख वा स्पितीसाठी यादी अर्थातच वाढेल. तेथे दोन वस्त्यांमध्ये लांब ओसाड पट्टे आहेत. घाटाखाली तासाभरात चिपळूण आहे. येथे इंधनाचे दोन जादा डबे कशासाठी? पोलादी बंपरचे तर २०१७ पासून समर्थनच उरलेले नाही : पादचाऱ्यांना धोका म्हणून केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने असे पुढचे गार्ड बेकायदा ठरवून कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या.

१६/ शेवटचा शब्द : 'निर्जन'. घाटमाथ्यावरचे रान पाहून हा शब्द सहज लिहिला जातो. शिवसागर जलाशयाखाली कोयना खोऱ्यातील गावे गेली. त्या पाण्यावर आमच्या पोफळीच्या भूगर्भातील वीजगृह चालते. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जे रान तुम्हांला रिकामे दिसते, त्यातील पुष्कळसे रिकामे करविलेले आहे. तेथे परवानगीवाचून गाडी घालणे हा कायद्याने गुन्हा आहे. पण त्याआधी ते अज्ञान आहे.

१७/ सारांश : वारसा सांगायचा असेल, तर पालखेडच्या वेगाबरोबर हलवर्णच्या पत्राचाही सांगा. वेगाचे चित्रीकरण सोपे असते. विचारून उतरणे, विकत घेऊन खाणे आणि विस्तव विझवून निघणे कॅमेऱ्यात भरत नाही. पण पुढच्या वेळी आमच्या घाटाखाली आलात आणि एवढे पाळलेत, तर आजी स्वतः बागेत जागा दाखवील. चुलीसाठी मात्र आधी तिला विचारा.