पदर न पसरता

व्हेनिस बिएनाले या जागतिक कलाप्रदर्शनाच्या २०२४ च्या खेपेस पोलंडच्या दालनात शिरले की समोर भलामोठा पडदा आणि हाताशी मायक्रोफोन. पडद्यावर एखादा साधा युक्रेनी माणूस येई आणि तोंडाने एक आवाज काढी. हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा, तोफेच्या गोळ्याचा, क्षेपणास्त्राचा. तो काढून झाला की ‘माझ्यामागून म्हणा’ असे सांगून गप्प बसे. पडद्यावर त्या आवाजाची अक्षरे कराओकेतल्या गाण्यासारखी सरकत राहत. पुढचे काम प्रेक्षकाचे. ज्याने उभ्या आयुष्यात भोंगा ऐकलेला नाही त्या पाहुण्याने आता मायक्रोफोन उचलून आपल्या तोंडाने रॉकेट वाजवायचे, की खांदे उडवून शेजारच्या दालनाकडे वळायचे, हे त्याचे त्याने ठरवावे. युक्रेनमध्ये युद्धाच्या तोंडावर नागरिकांसाठी निघालेल्या सूचनापत्रात कानांनी शस्त्र कसे ओळखावे हेही सांगितलेले होते. तेथील शाळकरी मुलाला आज जे येते, ते या दालनात युरोपच्या सुखवस्तू रसिकाला शिकवले जात होते.

ही कलाकृती ‘ओपन ग्रुप’ या युक्रेनी त्रयीची. दालन मात्र पोलंडचे. पोलंडच्या आधीच्या उजव्या सरकारने तेथे आपल्या मर्जीचा चित्रकार नेमला होता. डिसेंबर २०२३ मध्ये सत्ता बदलली, नव्या संस्कृतिमंत्र्यांनी ती निवड रद्द केली आणि देशाचे दालन शेजारच्या देशातील तिघांच्या हवाली केले. युद्धकाळातील सांस्कृतिक मुत्सद्देगिरी म्हणतात ती अशी असू शकते, हे आपल्याकडे ध्यानात यायला जरा वेळ लागेल. कारण या प्रकाराची आपली कल्पना म्हणजे परराष्ट्र खात्याने धाडलेले नृत्यपथक, राजदूताचे दोन शब्द, नारळ, शाल आणि चहापान.

मराठी घरांना ही मुत्सद्देगिरी ओळखीचीही आहे. आपण तिच्या घेत्या बाजूला होतो इतकेच. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठीत आणलेली स्वस्त, सुबक पुस्तके, लोकवाङ्मय गृहातली त्यांची विक्री, ‘सोव्हिएत लँड’च्या चकचकीत पानांची वह्यांना घातलेली कव्हरे यांवर दोन पिढ्या वाढल्या. त्यातून आपल्या मनात जो प्रेमळ, विशाल, बर्फाळ देश तयार झाला त्याचे नाव रशिया. पोल्टाव्हा परगण्यात जन्मलेला गोगोल त्यात रशियन, खार्किव्हजवळच्या चुहुयिव्हचा चित्रकार रेपिन रशियन, मारिउपोलचा कुइंजीही रशियनच. त्या पुस्तकांबद्दल कृतज्ञता वाटते ती खोटी नाही. पण एका साम्राज्याने आपल्या घरातल्या सगळ्यांची भांडी एकाच नावाने घासूनपुसून मांडली होती, हेही खरे. बड्या संग्रहालयांना हे कळायला २०२२ चे आक्रमण व्हावे लागले. लंडनच्या नॅशनल गॅलरीने देगाच्या ‘रशियन नर्तिका’ त्या वर्षी युक्रेनी केल्या. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने रेपिन आणि कुइंजी यांच्या नावापुढील पाट्या २०२३ मध्ये दुरुस्त केल्या. तोवर मारिउपोलमधले कुइंजी संग्रहालय बॉम्बहल्ल्यात कोसळून वर्ष होत आले होते.

तेव्हा युक्रेन या खेळात उतरला तोच उधारी अंगावर घेऊन. परदेशात आपली संस्कृती नेणारी ‘युक्रेनियन इन्स्टिट्यूट’ ही त्याच्या परराष्ट्र खात्याची संस्था स्थापन झाली २०१७ साली, म्हणजे क्रिमिया हातचा गेल्यावर तीन वर्षांनी. बिएनाले भरते त्या व्हेनिसच्या बागेत रशियाचे स्वतःचे दालन १९१४ पासून उभे आहे. युक्रेन अलीकडे आर्सेनालेच्या जुन्या गोदी-गोदामांत जागा घेतो. गंमत अशी की रशियाच्या त्या दालनाचा खर्च उचलला होता कीव्हच्या बोहदान खानेन्को नावाच्या कलासंग्राहकाने. त्याच्याच नावाच्या कीव्हमधील संग्रहालयाची तावदाने १० ऑक्टोबर २०२२ च्या क्षेपणास्त्र हल्ल्यात फुटली आणि तेथील अतिप्राचीन धर्मचित्रे सुरक्षिततेसाठी पुढच्या वर्षी पॅरिसच्या लूव्रमध्ये पोचली. दालन मात्र रशियाचेच राहिले. २०२२ मध्ये रशियाच्या दोन्ही कलावंतांनी आणि त्यांच्या लिथुआनियन नियोजकाने युद्ध सुरू होताच माघार घेतली म्हणून ते बंद होते. त्यांच्या धैर्याची नोंद घ्यायलाच हवी. २०२४ मध्ये मॉस्कोने ते बोलिव्हियाला वापरायला देऊन टाकले. त्याच्या काही महिने आधी बोलिव्हियाने रशियन सरकारी कंपनीशी लिथियमचा करार केला होता. याला योगायोग म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावे.

आता पाव्लो माकोव्ह. खार्किव्हला १९९५ साली पाण्याची भीषण टंचाई झाली, तेव्हा या चित्रकाराला एक उलटे कारंजे सुचले. नरसाळ्यांचा त्रिकोणी उतरंडीसारखा सांगाडा: वर एक, त्याखाली दोन, मग तीन, असे बारा ओळींत ७८. प्रत्येक नरसाळ्याला खाली दोन तोट्या. वरच्या एका नरसाळ्यात पडलेली धार फुटत, वाटली जात खाली येते आणि शेवटच्या ओळीत पोचेपर्यंत थेंबांवर येते. नाव ‘थकव्याचे कारंजे’. २०२२ च्या व्हेनिससाठी युक्रेनने ही कृती निवडली तेव्हा आक्रमण झालेले नव्हते. २४ फेब्रुवारीला बॉम्ब पडू लागले. नियोजकांपैकी मारिया लान्को यांनी ती ब्राँझची नरसाळी आपल्या मोटारीत भरली आणि त्याच संध्याकाळी कीव्ह सोडले. रुमानिया, हंगेरी करत त्या ऑस्ट्रियाला पोचल्या. उरलेला सांगाडा इटलीत नव्याने बांधून घेतला. खुद्द माकोव्ह तोवर खार्किव्हच्या एका कलाकेंद्राच्या तळघरात आसऱ्याला होते, मग वृद्ध आईला घेऊन बाहेर पडले. एप्रिलमध्ये कारंजे व्हेनिसला चालू झाले.

यात लक्ष द्यायचे ते या धाडसाकडे नव्हे. त्यावर वर्तमानपत्रे भरभरून लिहून मोकळी झाली. लक्ष द्यायचे ते निवडीकडे. देशावर रणगाडे चालून आलेले असताना अख्ख्या जगासमोरच्या आपल्या अधिकृत दालनात युक्रेनने ना रक्त दाखवले ना झेंडा. युद्धाच्या सत्तावीस वर्षे आधी नळाच्या पाण्यावरून सुचलेली गोष्ट ठेवली. ती बदलून काहीतरी ज्वलंत आणावे, असा मोह कुणालाही झाला असता. पण ते कारंजे पाहणाऱ्याला आपोआप आपल्याकडे बघावे लागत होते. सहानुभूतीची धार वरून जोरात पडते आणि बारा ओळी उतरेपर्यंत तिचे काय होते, हे सांगायला वेगळा फलक नको होता. चार वर्षांत युरोप-अमेरिकेच्या मदतीचे जे झाले ते बघता, माकोव्ह यांच्याइतका अचूक अंदाज फारच थोड्या लष्करी विश्लेषकांनी वर्तवला असेल.

२०२४ च्या युक्रेनी दालनाने याच्याही पुढची मजल मारली. लिया दोस्तलियेव्हा आणि आंद्रीय दोस्तलियेव्ह यांनी युरोपातले व्यावसायिक नट गोळा करून त्यांना युक्रेनी निर्वासिताची भूमिका दिली. संहिता कशावरून, तर आपण कसे असावे अशी यजमानांची अपेक्षा आहे याबद्दल निर्वासितांनी दिलेल्या माहितीवरून. पुरेसा दुःखी, पण चिडचिडा नाही, कृतज्ञ, फोन फार महागाचा नको, कपडे नीटनेटके, पण इतकेही नीटनेटके नकोत. आश्रितांकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षांची ही यादी कोणत्याही फाळणीग्रस्त, धरणग्रस्त किंवा दंगलग्रस्त माणसाला पाठ असते. मदत देणाऱ्यांच्याच अंगणात, त्यांच्याच नटांकडून, देशाच्या अधिकृत दालनात त्यांना ही नक्कल दाखवायची म्हणजे राजनैतिक शिष्टाचाराचा भंगच. एखाद्या राजदूताने हे केले असते तर दुसऱ्या दिवशी खुलासा करावा लागला असता. कलावंताला तो करावा लागत नाही, आणि म्हणूनच तो राजदूतापेक्षा जास्त सांगून जातो.

हे ज्यांना जमते त्यांनाच रशियन संगीतावर बंदीची मागणी करताना पाहिले की वाईट वाटते. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन संस्कृतिमंत्री ओलेक्सांद्र त्काचेन्को यांनी ब्रिटिश वर्तमानपत्रात लेख लिहून युद्ध संपेपर्यंत चायकोव्हस्की वाजवू नका, अशी विनंती मित्रराष्ट्रांना केली. संस्कृतीचा वापर शस्त्रासारखा करणाऱ्या राजवटीशी गाठ असताना असा विचार मनात येणे समजू शकते. खेर्सनहून माघार घेताना रशियन सैन्याने तेथील कलासंग्रहालय ट्रकांत भरून नेले. अशा लुटारूंच्या सिंफनीला टाळ्या कोण वाजवणार? तरीही ती विनंती दुबळी होती. बंदीने समोरच्याच्या कानात कापूस घातला जातो, आपला आवाज काही जात नाही. मायक्रोफोन पुढे करणारे तिघे मंत्रिमहोदयांपेक्षा अधिक मुत्सद्दी ठरले.

आणि घरात? दाविद चिचकान हा कीव्हचा अराजकवादी चित्रकार. वडील इल्या यांनी २००९ च्या व्हेनिसमध्ये युक्रेनचे प्रतिनिधित्व केलेले. दाविदची चित्रे कीव्हच्या ‘मैदान’ चौकातील उठावाने सामाजिक क्रांतीची संधी गमावली असे म्हणत, त्यामुळे २०१७ मध्ये कीव्हमधील त्याच्या प्रदर्शनात तोंडे झाकलेले टोळके घुसले आणि नासधूस करून गेले. २०२४ मध्ये ओडेसाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयातले त्याचे प्रदर्शन उजव्यांच्या ओरड्यानंतर रद्द झाले. त्यात चित्रे होती पुतीनच्या सैन्याशी लढणाऱ्या, पण राष्ट्रवादाचा झेंडा न मानणाऱ्या सैनिकांची. हा माणूस त्याच वर्षी सैन्यात गेला, तोफखान्याच्या तुकडीत भरती झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये झापोरिझ्झिया आघाडीवर मारला गेला. मृत्यूनंतर श्रद्धांजली वाहणाऱ्यांत त्याला आधी नको म्हणणारेही होते का, हे विचारण्यात अर्थ नाही. असे नेहमीच असतात. विचारायचे ते एवढेच, की व्हेनिसमध्ये यजमानांची टर उडवायला ज्याची हरकत नाही, त्या देशाला ओडेसात स्वतःची टर का सोसत नाही? युद्धात हे मागू नये, असे म्हणणारे म्हणोत. पण रशियाहून आपण वेगळे आहोत हेच जर जगाला दाखवायचे असेल तर तो पुरावा व्हेनिसच्या गोदामात नव्हे, अशाच प्रदर्शनांत असतो.

या सगळ्याचा आपल्याकडे कितपत परिणाम झाला? फारसा नाही. आक्रमणावरच्या २ मार्च २०२२ च्या संयुक्त राष्ट्रसंघातील मतदानात भारत तटस्थ राहिला तो पुढेही राहिला, आणि स्वस्त तेलाचे आकर्षण कोणत्याही कारंज्यापेक्षा जास्त ठरले. पंतप्रधान मोदी ८ जुलै २०२४ ला मॉस्कोत उतरले त्याच दिवशी कीव्हच्या बालरुग्णालयावर क्षेपणास्त्र पडले. २३ ऑगस्टला ते कीव्हला गेले तेव्हा झेलेन्स्कींनी त्यांना युद्धात मारल्या गेलेल्या मुलांवरचे प्रदर्शन दाखवायला नेले. तेथे मोदींनी एक खेळणे ठेवले. सह्या झालेल्या चार करारांत २०२४ ते २०२८ या काळासाठीचा सांस्कृतिक सहकार्याचाही कार्यक्रम आहे. त्यातून दिल्ली-मुंबईत भरतकामाचे सदरे आणि गोफासारखे नाच आले तर आपण आनंदाने टाळ्या वाजवू आणि विसरू. युक्रेनच्या दूतावासाने येथे त्याच्याकडची सर्वांत अवघडून टाकणारी कला आणावी. गोगोलला रशियन समजून वाढलेल्या वाचकांना तिची गरज युरोपपेक्षा अधिक आहे.

हत्यारे मिळवण्याच्या कामी मात्र कलेचा उपयोग मोजता येत नाही, आणि युक्रेनी कलावंत तसा दावाही करत नाहीत. झान्ना कादिरोव्हा यांनी २०१९ मध्ये डोनेत्स्क परगण्यातील पोक्रोव्स्कच्या बागेत घडीकागदासारखे दिसणारे काँक्रीटचे हरीण उभे केले. ज्या चौथऱ्यावर ते होते त्यावर पूर्वी अण्वस्त्रे वाहू शकणारे सोव्हिएत लढाऊ विमान ठेवलेले असे. २०२४ च्या उन्हाळ्यात आघाडी शहराच्या अंगावर आली तेव्हा ते हरीण तेथून उचलून आणले. २०२६ च्या व्हेनिससाठी युक्रेनने तेच निवडले, वाटेत युरोपच्या शहरांतून फिरवत नेण्याचे ठरवले आणि दालनाला नाव दिले ‘सुरक्षेच्या हमी’. १९९४ च्या बुडापेस्ट करारात युक्रेनने अण्वस्त्रे देऊन टाकली, त्या बदल्यात मिळालेल्या या हमी. त्या देणारे देश तीन: अमेरिका, ब्रिटन आणि रशिया. तिघांचीही दालने व्हेनिसच्या एकाच बागेत आहेत, एकमेकांपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर.