तक्रार एकाची, मथळा सगळ्यांच्या माथी

मे महिना लागला की जुन्नर-आंबेगावात शिबिरांचा हंगाम सुरू होतो. वारकरी संस्कार शिबिर, कराटे, गडकोट भटकंती. स्थानिक पानावर फोटोसह बातमी येते, 'उत्साहात संपन्न'. ख्रिस्ती मंडळी सुट्टीतली बायबल शाळा भरवतात. तिथं अभिनयगीतं, वचनांचं पाठांतर, कागदकाम, दुपारी खिचडी. तिची बातमी होते ती कुणी तक्रारीचा अर्ज दिला तरच, आणि मथळ्यात 'धर्मांतराचा डाव' असतो.

मे 2017 मध्ये मध्य प्रदेशातल्या रतलाम स्थानकावर नागपूरच्या अशाच शिबिराला निघालेली मुलं पोलिसांनी उतरवून घेतली. सोबतच्या मोठ्या माणसांवर अपहरणाचा आणि धर्मांतराचा गुन्हा लागला. आम्ही ख्रिस्ती आहोत, मुलं आम्हीच पाठवली, असं पालक सांगत होते. ते मथळ्यात कुठून येणार?

घोडेगावचा किंवा नारायणगावचा वार्ताहर 'अर्ज आला, चौकशी सुरू' एवढंच कळवतो. मथळा पुण्यात लागतो, तोही चार शब्दांत. 'अर्जदाराच्या म्हणण्यानुसार' पहिल्यांदा कापलं जातं. मग नुसत्या मथळ्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो आणि शिबिरात गाणी शिकवणाऱ्या कॉलेजच्या पोरीला शेजारी जाब विचारतात.

पुण्याला हे नवं नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर, म्हणजे विधवांसाठीच्या त्यांच्या शाळेवर, धर्मांतराचा आक्षेप घेऊन 'केसरी'नं झोड उठवली आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत, काही पुढं ख्रिस्तीही झाल्या. पण त्याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या आणि आनंदीबाई कर्वे म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाल्या. सदनाला एकच शिक्का मारणाऱ्यांना ही बाई दिसली नाही.

मुलांशी कुठंही गैरवर्तन झालं असेल तर मथळा हवा तेवढा मोठा लावा. तिथं चर्चचा, आश्रमशाळेचा, कुणाचाच मुलाहिजा नको. ख्रिस्ती मंडळींनीही पालकांची लेखी संमती आणि दिवसभराचा कार्यक्रम हाताशी ठेवावा, कुणी विचारलं तर दाखवावा. संपादकांना माझी कळकळीची विनंती आहे: अर्ज छापा, पण मथळ्यात तो अर्जच राहू द्या. छापण्याआधी दोन पालकांना फोन करा. आणि चौकशीत काही निघालं नाही, तर तेही त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा.