विहिरीचा अंदाज कोण सांगणार?

पावसाचा अंदाज तुम्ही रोज मोबाइलवर बघता. विहिरीच्या पाण्याचा कधी बघितलाय? खतातलं नायट्रेट किंवा कचरा डेपोतून झिरपणारं घाण पाणी जमिनीखालून कुठे, किती वर्षांत पोचेल, याचा अंदाज गणितानं बांधता येतो. पाया जुनाच आहे. वाळूतून पाणी कसं वाहतं याचा नियम फ्रान्सच्या हेन्री डार्सीनं 1856 मध्ये मांडला. त्यावर चालणारं ‘मॉडफ्लो’ सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं.

मग घोडं अडलं कुठे? आपल्या काळ्या कातळात. वाळूत पाणी सावकाश पसरत जातं, बेसॉल्टमध्ये ते भेगा धरून पळतं. त्यामुळे डेपोला लागून असलेली विहीर चांगली आणि लांबची खराब, असंही होऊ शकतं. भेगांचा माग लागतो तो विहिरींच्या नोंदींवरून, आणि त्याच आपल्याकडे तुटपुंज्या. स्क्रीनवरचा रंगीत नकाशा लगेच खरा वाटतो. पण दोन विहिरी मोजून शंभर विहिरींचं भविष्य सांगणं म्हणजे ज्योतिषच!

नायट्रेटला ना रंग, ना वास. लिटरमागे 45 मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली, की सर्वाधिक धोका त्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पिणाऱ्या तान्ह्यांना.

तेव्हा इंजिनीअरिंग आणि जिऑलॉजीवाल्यांनो, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा (सगळ्यांना माहितीये!) गावातल्या वीस विहिरी घ्या. दर महिन्याला पातळी मोजा, पावसाळ्याआधी आणि नंतर नमुने तपासून घ्या. आणि ती वही पुढच्या बॅचकडे द्या. एका वर्षाच्या आकड्यांवर मॉडेल बसत नाही.