दोष गारव्याचा की कोंडलेल्या हवेचा?

संपादक महाशयांस,


वातानुकूलित कचेऱ्यांविषयी गतांकात प्रसिद्ध झालेल्या पत्रात लेखकमहाशयांनी दमा, क्षय आदी व्याधींचे खापर सरसकट गारव्याच्या माथी फोडले आहे. अतिथंड, कोरडी हवा दमेकऱ्यास बाधते, हे निर्विवाद. परंतु क्षय थंडीने उद्भवत नसून, दारे-खिडक्या लावून बसलेल्या मंडळींत एखादा रुग्ण असल्यास त्याच्या खोकल्यातील सूक्ष्म कणांवाटे फैलावतो, आणि भिंतीवरचे सामान्य स्प्लिट यंत्र बाहेरची ताजी हवा आत न घेता खोलीतलीच हवा पुनःपुन्हा फिरवीत असते, याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले आहे.

1976 साली फिलाडेल्फियाच्या हॉटेलात उद्भवलेल्या न्यूमोनियाचा त्यांनी दिलेला दाखलाही अस्थानी वाटतो, कारण त्या रोगाचे लिजिओनेला जंतू मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात वाढून तुषारांवाटे पसरतात. तेव्हा वाळूज-चिकलठाण्याच्या कारखानदारांनी आपली टाकी जरूर तपासावी, स्प्लिटखाली बसलेल्या कारकुनाने त्या धास्तीने रजेचा अर्ज खरडण्याचे प्रयोजन नाही. (रजेची अन्य कारणे त्यास सुचतीलच!)

मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आपला जुना वाळ्याचा कूलर बाहेरची हवा ओढून आत सोडतो व त्यासाठी एखादी खिडकी उघडी ठेवणे भागच पाडतो, हा त्याचा गुण उपेक्षिला जातो. मात्र त्याचेही पाणी वरचेवर बदलले पाहिजे. कचेरीप्रमुखांनी स्प्लिटचा फिल्टर धुतल्याची तारीख दफ्तरी नोंदविण्याचा आणि मधल्या सुटीत खिडक्या उघडण्याचा हुकूम काढावा. त्यास वरिष्ठांची मंजुरी लागत नाही.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर