घाम कोणाचा आणि लेणे कोणाचे?

आमच्या कुणब्यांस व कारागिरांस एक जुनी खोड जडलेली आहे. आपल्या हाताने झालेले काम आपले म्हणावयास आम्ही लाजतो. विहीर आम्ही खणावी आणि पाणी अमक्या बुवाच्या आशीर्वादाने लागले म्हणून सांगावे. बांध आम्ही घालावा आणि तो भीमाने एका रात्रीत घातला म्हणून नातवंडांस ऐकवावे. ही खोड किती खोल गेली आहे हे पाहावयाचे असेल, तर लातूर-नांदेडकडच्या मंडळींनी एकदा धाराशिवची लेणी पाहून यावी. लांबचे काम नाही. 1982 पर्यंत लातूर त्याच जिल्ह्यात होते.

शहराबाहेर डोंगराच्या कुशीत ही सात लेणी आहेत. त्यांतले दुसरे सर्वांत मोठे. त्याचा मधला दिवाणखाना सुमारे 80 फूट लांब व तितकाच रुंद, भोवती खांबांची रांग, कडेने भिक्षूंच्या कोठड्या आणि समोर गाभाऱ्यात मांडी घालून बसलेली मोठी मूर्ती. कोणी तिला बुद्ध म्हणतात, कोणी पार्श्वनाथ. आधी बौद्ध विहार, मग जैनांची वस्ती, असे बहुतेक जाणते सांगतात. त्या वादात आम्ही पडत नाही. लेण्याचा काही भाग ढासळलेला आहे, काही भाग डागडुजी करून उभा केलेला आहे. स्कॉटलंडचा बर्जेस साहेब निजामी अमलात 1875-76 च्या हंगामात हिंडत इकडे आला. त्याने ही लेणी मोजली, औसा तालुक्यातली खरोशाची लेणी पाहिली, आणि 1878 साली ते सारे छापून टाकले. म्हणजे परक्या मुलखातल्या माणसाने मोजपट्टी लावून दीडशे वर्षे होत आली, आणि आमचे लोक अजून काय सांगतात? आम्ही तेथे उभे असताना एक आजी नातवाला सांगत होत्या, "पांडव वनवासात हुते, तवा एका रातीत कोरलं बग हे!"

आजींस दोष कसा द्यावा? त्यांना दुसरे कोणी काही सांगितलेच नाही. नाशिकची लेणी पांडवांची, आमच्या नांदेड जिल्ह्यात माहूरची लेणीही पांडवांचीच. पाच भाऊ वनवासात गेले होते की दगडफोडीचा ठेका घेऊन निघाले होते, असे एखाद्याने विचारले तर तो नास्तिक ठरतो!

बाबांनो, जरा हिशेब करा. 80 फूट लांब, 80 फूट रुंद जागेत एक फूट खाली उतरावयाचे म्हणजे खांबांपुरता दगड वगळून सहा हजार घनफुटांच्या घरात खडक फोडावा लागतो. असे कितीतरी फूट! काम छतापासून सुरू होऊन खाली येते, कारण खालून वर कोरावयाचे तर माथ्यावर दगड पडेल. एका खांबाची जागा चुकली तर तो पुन्हा आणावयाचा कोठून? छन्नी दिवसाकाठी किती वेळा बोथट होत असेल हे पाथरवटास विचारा. तिला पाणी चढवावयास लोहार हवा, लोहाराला कोळसा हवा, फोडलेला दगड उपसावयास पाट्या हव्यात, पाट्या विणावयास बुरूड हवा, आणि या साऱ्या माणसांच्या पोटाला भाकर हवी. ती भाकर पांडवांनी आकाशातून टाकली नाही.

येथल्या भिंतींवर आम्हांस दात्यांची नावे आढळली नाहीत. परंतु सह्याद्रीकडची जी याहूनही जुनी लेणी आहेत, त्यांनी आपला जमाखर्च दगडावर लिहून ठेवला आहे, आणि तोही बहुतेक संस्कृतात नव्हे, लोकांच्या प्राकृतात. कार्ल्याच्या लेण्याचे दार धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या सुताराने केले, असे तेथेच कोरलेले आहे. रायगड जिल्ह्यात कुड्याच्या लेण्यांत माळ्याने दान दिल्याचा लेख आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दिली. तेथेच बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचेही लेख आहेत. सुतार, माळी, बुरूड, कासार! ही नावे वाचून ज्याची छाती फुगत नाही त्याने आपले आडनाव बदलून घ्यावे.

आणखी ऐका. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंच्या खर्चासाठी 3000 कार्षापण ठेव ठेवली. कोणाकडे? कोणा सावकाराकडे नव्हे, गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. 2000 महिना शेकडा एक दराने, 1000 महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे व्याज वर्षाला 240 येते, आणि त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे. हिशेब बरोबर जुळतो, मांडून पाहा. राजाचा जावई ज्यांच्या पतीवर पैसा ठेवीत होता, त्यांचे नातू-पणतू आज सूत घेण्यासाठी कर्ज मागावयास गेले तर त्यांना जामीनदार आणावयास सांगतात!

आणि कुणब्याचे काय? त्याच नाशिकला गौतमीपुत्र सातकर्णीची गोष्ट कोरलेली आहे. राजाने भिक्षूंना कखडी गावचे एक शेत दान दिले. पुढे कळले की ते गाव उजाड आहे आणि शेत कोणी कसत नाही. तेव्हा राजाला दुसरी 100 निवर्तने जमीन द्यावी लागली. आमच्या मते सबंध लेण्यात याहून मोलाचा लेख नाही. राजाची आज्ञा झाली, मोहोर उठली, पण नांगर धरणारा नव्हता म्हणून ते दान मातीमोल झाले.

पुढे काळ पालटला. अजिंठ्याचे 16 वे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने करविले, आणि धाराशिवच्या मोठ्या लेण्याची घडण त्याच धर्तीची आहे. सुताराचे व माळ्याचे नाव गळाले, मंत्र्याचे लागले. पण मंत्र्याच्या तिजोरीत पैसा आला कोठून? शेतसाऱ्यातून. तगर म्हणजे आजचे तेर तेथून जवळच. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या गावाहून कापडाच्या गाड्या भरून भडोचच्या बंदराकडे जात, असे पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे. कापड कोष्ट्याचे, बैल कुणब्याचे, गाडी सुताराची. कीर्ती मंत्र्याची, आणि मागाहून सगळे श्रेय पांडवांचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच!

आता डागडुजीबद्दल. पडके सावरावे, यात वाद नाही. पण सावरण्यालाही अक्कल लागते. 1920 नंतर निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचविण्यासाठी इटलीहून कारागीर आणविले. त्यांनी रंग धरून ठेवला हे खरे. पण वर चढविलेले रोगण पुढे पिवळे पडले, आणि नंतर भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यास ते काढीत बसावे लागले. इतक्या खर्चाचे काम असे होते, तर खालच्या दराचा ठेकेदार सिमेंट कालवून काय करील? दगडाचे काम दगड ओळखणाऱ्याकडे द्या. आमच्या भागात वडार आहेत, पाथरवट आहेत. त्यांना पाट्या उचलण्यापुरते बोलावता आणि सल्ला मात्र कागद वाचणाऱ्याचा घेता, हे कोठले शहाणपण? 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीकडे गोल दगडांच्या मातीत रचलेल्या भिंती माणसांवर कोसळल्या. भिंतीच्या आरपार जाणारा दगड घालावा, ही जुन्या गवंड्याची रीत पाळली असती तर कितीतरी जीव वाचते. त्या रीतीचे मोल आम्हांस मढी मोजल्यावर कळले.

घरच्यांसही चार शब्द सुनावणे भाग आहे. लेण्याच्या खांबावर बाण काढून आपले व आपल्या प्रेयसीचे नाव कोण कोरतो? भटजी येऊन कोरीत नाही. आमचीच पोरे कोरतात. ज्या कारागिराने सबंध डोंगर कोरून आपले नाव लिहिले नाही, त्याच्या कामावर या दिवट्यांनी खिळ्याने सही करावी! पांढरीच्या टेकाडांची माती धाब्यावर घालण्यासाठी ओढून नेताना आत विटा, मणी, खापरे निघाली तर ती कोण फेकून देतो? आणि आमचे पुढारी! गावात दोन सभामंडप असताना तिसऱ्यासाठी आमदारांच्या पायऱ्या झिजवितात. लेण्याच्या वाटेवर मुरूम टाकावा म्हणून एकानेही अर्ज केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमचे मागणे थोडके आहे. पुरातत्त्व खात्याने लेण्याजवळ साध्या मराठीत फलक लावावा, आणि त्यावर राजवंशांच्या याद्यांआधी हे लिहावे की खडक वरून खाली कसा कोरतात, छन्नी कोणती लागते, डागडुजी कोणत्या साली कोठे झाली. नवा खांब नवा म्हणून ओळखू यावा. खरोशाच्या व धाराशिवच्या आसपासच्या गुरुजींनी पोरांना सहलीस नेताना बरोबर एक पाथरवट न्यावा, आणि त्याला गुरुजींच्या शेजारी खुर्ची द्यावी. येत्या ग्रामसभेत हा ठराव कोणी मांडला तर त्याची नक्कल आम्हांकडे धाडावी. आम्ही ती पहिल्या पानावर छापू. ज्या गावात तो ठराव हाणून पाडला जाईल, त्या गावचेही नाव छापू.